वस्तऱ्यामागचा हात

१८ मार्च १९३१ रोजी न्यूयॉर्क शहरात एक नवे यंत्र विक्रीस आले. मुठीत मावेल एवढे त्याचे आकारमान होते. काळ्या बेकलाइटचे कवच, मागल्या टोकास विजेची तार आणि पुढल्या टोकास बारीक फटी पाडलेले पोलादी तोंड, असे त्याचे रूप होते. किंमत २५ डॉलर. या यंत्राने दाढी करावयाची, आणि तीही पाण्यावाचून, साबणावाचून व उघड्या पात्यावाचून. ते दिवस जागतिक मंदीचे होते. अमेरिकेत लक्षावधी माणसे कामावाचून बसली होती. अशा वेळी दाढीच्या हत्यारासाठी २५ डॉलर मोजणारा माणूस विरळाच. तरीही पहिल्या वर्षी सुमारे ३,००० यंत्रे खपली, दुसऱ्या वर्षी सुमारे १०,००० खपली, आणि १९३७ पर्यंत हा खप लाखांच्या घरात गेला. मोटारीवर चालणाऱ्या वस्तऱ्याच्या कल्पना यापूर्वीही काहींनी कागदावर मांडल्या होत्या. परंतु बाजारात पाय रोवून उभा राहिलेला पहिला वस्तरा तो हाच. त्याच्या कर्त्याचे नाव जेकब शिक.

दाढीच्या हत्याराचा इतिहास सांगण्याजोगा आहे काय, असे कोणी विचारील. राज्ये, तह आणि लढाया यांच्या पंक्तीस वस्तऱ्याला बसविणे काहींना गमतीचेही वाटेल. परंतु प्रत्येक हत्याराच्या घडणीत एक प्रश्न गृहीत धरलेला असतो: हे कोणाच्या हाती असणार? नांगर, करवत, लेखणी, तलवार यांच्याकडे या दृष्टीने पाहिले, तर ज्या समाजात ती घडली त्या समाजाची रचनाच त्यांच्या आकारात उमटलेली दिसते. वस्तऱ्याच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच तीव्र आहे. कारण हे हत्यार एका माणसाच्या हातात असते आणि दुसऱ्या माणसाच्या गळ्यावर फिरते. ते कोणाच्या हाती असावे, त्याने कोणाची श्मश्रू करावी आणि कोणाची करू नये, यावरून आपल्या महाराष्ट्रात एके काळी मोठी खळबळ उडाली होती. तिच्याकडे वळण्यापूर्वी शिकच्या यंत्राची घडण नीट समजून घेणे इष्ट होईल.

जुना वस्तरा म्हणजे पोलादाचे एक लांब, दुमडते पाते. त्याची धार निसण्यावर लावावयाची, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून ती साफ करावयाची, आणि मग मऊ केलेल्या केसांवर ती योग्य त्या कोनाने चालवावयाची. कोन थोडा अधिक झाला तर कातडी कापली जाते, कमी झाला तर केस ओढला जातो. हे ज्ञान पात्यात नसते. ते मनगटात असते, आणि ते अंगी बाणण्यास वर्षे लागतात. म्हणूनच वस्तरा हे हजारो वर्षे मुख्यतः धंदेवाइकाचे हत्यार राहिले.

ही स्थिती बदलण्याची पहिली मोठी पायरी म्हणजे किंग कॅम्प जिलेट याचा सेफ्टी रेझर. तो १९०३ मध्ये बाजारात आला, तेव्हा वर्षभरात अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरांचा खप ९० हजारांवर गेला. जिलेटच्या युक्तीत दोन गोष्टी होत्या. पात्याचा कोन त्याने दांड्याच्या डोक्यातच पक्का करून टाकला, आणि धार लावण्याचे काम कारखान्याकडे सोपविले. पाते बोथट झाले की ते फेकून द्यावयाचे. मनगटातील ज्ञानाचा अर्धा वाटा अशा रीतीने पत्र्यात आणि कारखान्यात गेला. उरलेला अर्धा म्हणजे पाणी, फेस, हाताची हलकी चाल आणि थोडेसे धैर्य. हा उरलेला वाटाही यंत्रात घालावयाचा, ही शिकची कामगिरी.

शिकचा जन्म १८७७ चा. तो अमेरिकन सैन्यात होता. फिलिपाइन्समधील नोकरीत त्यास आमांशाने ग्रासले. पुढे प्रकृतीस मानवेल म्हणून थंड हवेच्या अलास्का प्रांतात त्याची नेमणूक झाली. तेथे सैनिकी तारायंत्राच्या वाहिन्या घालण्याच्या कामात तो होता. १९१० मध्ये त्याने नोकरी सोडली आणि उत्तरेकडील त्या बर्फाळ मुलखातच तो खाणींच्या शोधात राहिला. त्याच्या चरित्रात नेहमी सांगितला जाणारा प्रसंग याच काळातला आहे. पाय मुरगळल्यामुळे तो मुक्कामी अडकून पडला होता. थंडी शून्याखाली ४० अंश. अशा थंडीत दाढीसाठी पाणी मिळवावयाचे म्हणजे बर्फ वितळवावयाचा, आणि चेहऱ्याला लावीपर्यंत ते पाणी पुन्हा गोठू द्यावयाचे नाही. पाण्याशिवाय दाढी करता येईल काय, हा विचार त्याच्या मनात तेथे रुजला.

त्याने काढलेला पहिला आराखडा आज पाहिला तर हसू येईल. त्या वेळच्या मोटारी आकाराने मोठ्या आणि वजनाने जड होत्या; मुठीत मावणाऱ्या वस्तऱ्यात मोटार बसविणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. म्हणून शिकने मोटार बाहेर ठेवली. एका हातात मोटार, दुसऱ्या हातात कापणारे तोंड, आणि दोहोंना जोडणारा लवचिक, फिरता दांडा, अशी त्याची योजना होती. दंतवैद्याच्या जुन्या यंत्रात जशी फिरती दोरी असे, तसाच काहीसा हा प्रकार. दाढी करणाऱ्याचे दोन्ही हात त्यात गुंतत असत. गाल ताणून धरावयास तिसरा हात आणावयाचा कोठून? ज्या कारखानदारांकडे त्याने ही योजना पाठविली, त्यांनी ती नाकारली. नाकारण्यात त्यांची चूक नव्हती. कल्पना योग्य होती, परंतु तिला पेलणारी मोटार अजून जन्मास यावयाची होती.

पहिल्या महायुद्धात शिक पुन्हा सैन्यात रुजू झाला आणि लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढला. युद्धानंतर त्याने प्रथम हात घातला तो वेगळ्याच वस्तऱ्याला. सैनिकी बंदुकीत काडतुसांची माळ एकदाच भरून ठेवतात आणि खटका ओढला की पुढले काडतूस जागेवर येते. शिकने हेच तत्त्व पात्यांना लावले. पाती दांड्यात साठवून ठेवावयाची आणि बोट न लावता एकेक पुढे सरकवावयाचे, असा तो वस्तरा होता. तो चांगला चालला. त्याच्या विक्रीतून आणि पुढे तो धंदाच विकून टाकून मिळालेल्या पैशांतून शिकने आपल्या जुन्या ध्यासाचा, विजेच्या वस्तऱ्याचा, खर्च चालविला. मधल्या वर्षांत मोटारीही लहान झाल्या होत्या. १३ मे १९३० रोजी त्याला ज्या यंत्राचे पेटंट मिळाले, त्यात मोटार अखेर दांड्याच्या आत गेली होती आणि दाढी करणाऱ्याचा एक हात मोकळा झाला होता.

या यंत्राचे काम पात्याचे नसून कात्रीचे आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याची सारी घडण उलगडते. वरची पट्टी स्थिर असते आणि तिला बारीक समांतर फटी असतात. ती त्वचेवर टेकविली की केस फटींतून आत शिरतात. तिच्या खाली दुसरी, दाते असलेली पट्टी मोटारीच्या जोरावर वेगाने मागेपुढे सरकत असते. तिच्या आणि फटीच्या कडेमध्ये सापडून केस कापला जातो. मोटार फिरते गोल, पट्टी सरकते सरळ. म्हणून आसाच्या टोकाशी केंद्रापासून किंचित बाजूस एक खुंटी बसवून गोल गतीची सरळ गती केलेली असते. शिवणयंत्राच्या चाकाने सुई खालीवर व्हावी, त्यातलाच हा प्रकार.

यात खरी कसोटी होती ती वरच्या पट्टीच्या जाडीची. ती जितकी जाड, तितका केसाचा बुंधा गालावर उरणार. ती फार पातळ केली तर दाबाखाली वाकणार आणि फट रुंदावून कातडी आत येणार. तेव्हा ती कागदासारखी पातळ आणि तरीही ताठ असली पाहिजे. फटीची रुंदी केसाला पुरेल पण कातडीला पुरणार नाही, एवढीच ठेवली पाहिजे. न्ह्याव्याचे मनगट जो निर्णय क्षणाक्षणाला घेत होते, तो येथे कारखान्यातील अभियंत्याने कायमचा, एकदाच घेऊन टाकला होता. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पात्यासाठी केस ओला आणि मऊ हवा असतो. कात्रीसाठी तो कोरडा आणि ताठ हवा असतो, कारण मऊ केस फटीत न शिरता आडवा पडतो. अलास्काच्या थंडीत शिकने जी अडचण म्हणून अनुभवली, ती पाण्याची उणीव त्याच्या यंत्रात सोयीची होऊन बसली.

आरंभीच्या या यंत्रांत दोष होतेच. मोटार आपोआप सुरू होत नसे. बाजूचे लहान चाक बोटाने फिरवून तिला गती द्यावी लागे. दाढी जिलेटच्या पात्याइतकी गुळगुळीत होत नसे, आणि त्वचेला सवय होण्यास काही दिवस जात. या दोषांच्या परिमार्जनासाठी पुढे निरनिराळे मार्ग निघाले. हॉलंडमध्ये फिलिप्स कंपनीतील अभियंता अलेक्झांडर होरोविट्झ याने गोल गतीची सरळ गती करण्याची खटपटच सोडून दिली. मोटार गोल फिरते, तर पातीही गोलच फिरू द्यावीत, असा त्याचा विचार. फटी असलेल्या गोल टोपीखाली फिरत्या पात्यांचा त्याचा वस्तरा १९३९ मध्ये उट्रेख्टच्या जत्रेत लोकांसमोर आला. जर्मनीत माक्स ब्राउनच्या कारखान्याने १९५० मध्ये वरच्या पट्टीच्या जागी बारीक छिद्रांचा अतिशय पातळ पत्रा आणला. सोव्हिएत रशियात तर घड्याळाप्रमाणे किल्ली देऊन चालणारे वस्तरेही निघाले. त्यांना विजेच्या तारेचीही गरज नव्हती. वाटा वेगळ्या असल्या तरी धोरण एकच होते. कौशल्य हातातून काढावयाचे आणि धातूत घालावयाचे.

याच्या अगदी उलट टोकाचे हत्यार पाहावयाचे असेल, तर ते आपल्याच देशात आहे. जयपूरहून अजमेरकडे जाताना वाटेत बगरू नावाचे गाव लागते. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस हे नाव १७४८ च्या ऑगस्टमधील लढाईमुळे परिचित असेल. जयपूरच्या गादीवरून ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या सावत्र भावांत तंटा माजला, तेव्हा मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या पक्षाने येथे लढले, आणि भरतपूरचा सूरजमल जाट ईश्वरीसिंहाच्या बाजूस उभा राहिला. फौजा गेल्या, गावाचे आजचे नाव आहे ते तेथील छीपा कारागिरांच्या कापडामुळे. हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळसर केलेल्या कापडावर ते लाकडी ठशांनी छाप उमटवितात. लोखंड आणि गूळ आंबवून केलेला काळा रंग आणि तुरटीच्या योगाने खुलणारा तांबडा रंग ही त्या कापडाची ओळख. नक्षीच्या रेषेचा एक ठसा, भूमीचा दुसरा, आत भरावयाच्या रंगाचा तिसरा. प्रत्येक ठसा म्हणजे कोरलेल्या लाकडाचा एक ठोकळा. मागे धरावयास मूठ, आणि दाबताना हवा निघून जावी म्हणून आरपार पाडलेली भोके. एवढीच त्याची घडण. किती रंग घ्यावा, ठसा कोठे टेकवावा, तळहाताचा ठोका केवढा द्यावा आणि मागल्या छापाशी पुढला कसा जुळवावा, यांपैकी काहीही त्या लाकडात नाही. ते सारे छीप्याच्या हातात आहे.

बगरूचा ठसा आणि शिकचा वस्तरा यांच्यामध्ये उभे राहून पाहिले म्हणजे असा प्रश्न मनात येतो: कौशल्य हातातून काढून यंत्रात घातले, तर हाताबरोबर आणखी काय जाते? कारागिराची उपजीविका जाते, हे उत्तर परिचित आहे आणि खरेही आहे. परंतु वस्तऱ्याच्या इतिहासात याहून निराळे एक उत्तर सापडते, आणि ते महाराष्ट्रातले आहे.

आपल्या गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार होता. धोपटीत वस्तरा, निसणा, कात्री, नराणी, वाटी आणि आरसा घेऊन तो घरोघर जाई आणि सुगीच्या वेळी आपले बलुते घेई. त्याच्या कामाला पैशांचा भाव नव्हता; परंपरेने ठरलेला हक्क होता आणि परंपरेनेच ठरलेली सक्ती होती. सेना न्हावी यांच्यासारख्या संताला वारकरी संप्रदायाने आपल्या मालिकेत मानाने बसविले. तरी त्याच समाजात न्ह्याव्याचा स्पर्श झाला म्हणून स्नान करणारेही होते. ज्याच्या हाती आपला गळा निर्धास्तपणे द्यावयाचा, त्यालाच शिवल्यावर अंगावर पाणी ओतून घ्यावयाचे, ही विसंगती पिढ्यान् पिढ्या कोणाला बोचली नाही.

या न्ह्याव्याकडून घेतल्या जाणाऱ्या कामांपैकी एक काम होते विधवांच्या केशवपनाचे. उच्चवर्णीयांत, विशेषतः ब्राह्मण घरांत, नवरा वारला की बायकोच्या डोक्यावरून वस्तरा फिरे. कधी ती मुलगी दहाबारा वर्षांचीच असे. केस पुन्हा वाढत, म्हणून न्हावीही पुन्हा पुन्हा येई. मागल्या दाराने त्याला आत घ्यावयाचे, आलवणात गुरफटलेल्या त्या मुलीने त्याच्यापुढे खाली मान घालून बसावयाचे, असा तो क्रम जन्मभर चाले. गोपाळ गणेश आगरकरांनी या चालीवर कठोर टीका केली. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली. तिच्यातील यमूच्या केशवपनाने कित्येक वाचक अस्वस्थ झाले. परंतु लेखकांनी लिहिले आणि वाचक हळहळले, तरी वस्तरा चालतच होता. तो ज्याच्या हाती होता त्याला कोणी विचारलेच नव्हते.

ते विचारले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे हे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक आणि मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी. १८९० मध्ये त्यांच्या प्रेरणेने मुंबईतील न्हावी सभेस जमले, आणि विधवांच्या डोक्यावर यापुढे आम्ही वस्तरा चालविणार नाही, असा त्यांनी निश्चय केला. या घटनेचे मोठेपण नीट समजून घेतले पाहिजे. हे लोक सुधारक म्हणून प्रसिद्ध नव्हते. ज्यांचे काम नाकारावयाचे, ती घरे प्रतिष्ठित होती आणि त्यांच्यावरच पोट अवलंबून होते. धर्मशास्त्रातला एकही आधार त्यांनी काढला नसेल. त्यांच्यापाशी होते ते एवढेच, की हे काम ज्या हाताने होते तो हात आमचा आहे. या संपाने ती दुष्ट चाल एका दिवसात नाहीशी झाली असे नाही. ती पुढे कित्येक दशके रेंगाळली. परंतु शिक्षित समाज ज्या प्रश्नावर केवळ वाद घालीत होता, त्यावर वस्तरा धरणाऱ्यांनी कृतीने उत्तर दिले, याची नोंद इतिहासाला घ्यावीच लागते.

आता येथे शिकच्या यंत्राची आठवण करावी. १८९० साली त्या घरांपाशी असे एखादे यंत्र असते, तर काय झाले असते? न्ह्याव्याच्या नकाराला काही किंमतच उरली नसती. ज्याला वस्तरा धरता येत नाही अशा घरातल्या कोणाही माणसाने, दीर किंवा सासरा किंवा सासू यांपैकी कोणीही, ते काम कोपऱ्यात बसून उरकले असते. कौशल्य हातात होते म्हणून नकारही हातात होता. कौशल्य धातूत गेले म्हणजे नकार देणारा कोणी उरत नाही. कारण यंत्राला लाज नसते आणि त्याला दयाही येत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा निबंध यंत्राच्या विरोधात आणि हाताच्या बाजूने गेला असता. परंतु इतिहास इतका सोयीचा नसतो. त्याच महाराष्ट्रात त्याच काळी न्ह्याव्याचा हात आणखी एक नकार देत होता, आणि तो माणुसकीला सोडून होता. गावोगाव न्हावी अस्पृश्यांची श्मश्रू करीत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींच्या एका टिपणात साताऱ्यातील बालपणासंबंधी हे नमूद केले आहे. साताऱ्यात न्ह्याव्यांची वाण नव्हती, आणि घरात त्यांना द्यावयास पैसाही होता. तरीही भावंडांचे केस थोरल्या बहिणीलाच कापावे लागत, आणि करता करता ती त्या कामात तरबेज झाली होती. लष्करात सुभेदार असलेल्या गृहस्थाच्या मुलांची ही कथा. खेड्यापाड्यांतील ज्या घरांत पैसाही नव्हता आणि सुभेदारीही नव्हती, त्यांची काय अवस्था असेल, हे सांगावयास नको.

म्हणजे एकाच हाताचे हे दोन नकार झाले. एकाने अन्यायाला अडविले, दुसऱ्याने अन्याय चालू ठेवला. न्ह्याव्यांना यासाठी वेगळा दोष देता येणार नाही. त्यांनी अस्पृश्यांची श्मश्रू केली असती तर सवर्णांनी आपली धोपटी त्यांच्यावर बंद केली असती, हे उघड आहे. परंतु ज्याला नकार मिळाला त्याच्या दृष्टीने कारण कोणतेही असले तरी फरक पडत नाही. त्याला हवे होते असे हत्यार, जे त्याची जात विचारणार नाही. ते त्याला प्रथम दिले जिलेटच्या पात्याने, विजेच्या वस्तऱ्याने नव्हे. विजेचा वस्तरा आपल्याकडे दीर्घकाळ शहरातील सुखवस्तू घरांपुरताच राहिला. जेथे वीजच पोहोचली नव्हती तेथे त्याचा काय उपयोग? स्वस्त पाते मात्र आठवड्याच्या बाजारात कोणालाही मिळू लागले. आपल्या गालावर आपणच पाते फिरवावे ही क्षुल्लक गोष्ट ज्याला वाटत असेल, त्याने ती साताऱ्यातील बहीण आठवावी.

स्वतंत्र भारताने हा प्रश्न हत्यारावर सोडून दिला नाही. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा दंडनीय गुन्हा ठरविला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हाच कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जाऊ लागला. या कायद्याकडे वस्तऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा आशय फार स्पष्ट होतो. ज्या हाताने विधवेला वाचविले त्या हाताचा विवेक कायद्याने काढून घेतलेला नाही. ज्या हाताने अस्पृश्याला हाकलून दिले त्या हाताचा पक्षपात तेवढा त्याने गुन्हा ठरविला. यंत्राला ही निवड करता आली नसती. यंत्र दोहोंपैकी एकही नकार ठेवीत नाही.

सरकारी कामकाजात ज्याचे आयुष्य जाते, त्याला या गोष्टीची प्रचिती वेगळ्या रूपात येते. नियम हा शिकच्या पट्टीसारखा असतो. त्याच्या फटी एकदाच आखलेल्या असतात. त्यात जे बसते ते कापले जाते, जे बसत नाही ते राहते, आणि समोर कोण आहे हे तो पाहत नाही. अधिकाऱ्याच्या विवेकाधीन असलेला निर्णय हा उघड्या वस्तऱ्यासारखा. सारे काही तो धरणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून. पहिल्यात पक्षपात नाही, पण माणुसकीचा अपवादही नाही. दुसऱ्यात दोन्हींना वाव आहे. राज्यकारभारात या दोहोंचे प्रमाण किती ठेवावे, हा प्रश्न कोणत्याही एका पिढीने कायमचा सोडविलेला नाही, आणि पुढलीही सोडवील असे वाटत नाही. फक्त यंत्र आणले म्हणजे अन्याय गेला, किंवा जुना हात राखला म्हणजे माणुसकी राहिली, अशा दोन्ही समजुतींपासून सावध राहणे एवढे आपल्या हाती आहे.

शिकला आपल्या यंत्राचा विजय फार काळ पाहता आला नाही. करचुकवेगिरीची चौकशी टाळण्यासाठी त्याने आपली मिळकत परदेशी हलविली आणि १९३५ मध्ये कॅनडाचे नागरिकत्व पत्करले, असे त्याच्या चरित्रकारांचे म्हणणे आहे. ३ जुलै १९३७ रोजी तो वारला. त्याच्या यंत्राचे वंशज आज कोट्यवधी घरांत आहेत; त्यांच्यातील मोटारी अंगठ्याएवढ्या झाल्या आहेत आणि तारही गेली आहे. तरीही न्हावी नाहीसा झालेला नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही गावच्या केशकर्तनालयात आज डोकावून पाहावे. दुमडत्या वस्तऱ्याचा घाट जुनाच आहे, पण त्यात धार लावावयाचे पोलाद नाही. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कारखान्यात तयार झालेले नवे पाते अर्धे मोडून त्यात बसविले जाते. एकाचा रोग दुसऱ्यास लागू नये या जाणिवेने ही पद्धत रूढ झाली. धार यंत्राची, चाल हाताची, असा हा समेट आहे.

त्या दुकानाच्या खुर्चीवर बसताना कोणी कोणाची जात विचारू नये, हे कायद्याने सांगितले आहे. काही गावांत ते अजूनही पुन्हा सांगावे लागते. आणि एखाद्या दिवशी त्याच हाताला, न करण्याजोगे काम समोर आले असता, १८९० च्या न्ह्याव्यांप्रमाणे वस्तरा मिटून ठेवावासा वाटला, तर तेवढी मोकळीक त्याच्यापाशी राहिली पाहिजे. शिकच्या यंत्रात सारे काही होते. मिटून ठेवण्याचा हा निर्णय तेवढा नव्हता. तो माणसासाठीच राखून ठेवावा लागतो.